तारा फुटतो तेव्हा ऊर्जा नेमकी किती, आणि ती जाते कुठे?

प्रश्न असा आहे: तारा फुटताना काही सेकंदांत जेवढी ऊर्जा बाहेर टाकतो तेवढी सूर्य सगळ्या आयुष्यात देत नाही, असं जागोजागी वाचायला मिळतं. पण १०^४४ ज्यूल किंवा १०^४६ ज्यूल हे आकडे वाचून डोक्यात काहीच उभं राहत नाही. ते समजून कसे घ्यायचे?

आकडा कितीही वेळ न्याहाळला तरी समजणार नाही. ऊर्जा आली कुठून आणि कुठल्या खात्यात किती गेली, हे एकदा कागदावर मांडलं की मात्र समजतं. हे गणित बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पलीकडचं नाही. आपण ते एसएन १९८७ए या अतिनवताऱ्यावर (सुपरनोव्हा, म्हणजे फुटणारा तारा) करू, कारण न्यूट्रिनो (कशालाही सहसा न अडणारे अतिसूक्ष्म कण), उडालेलं द्रव्य आणि प्रकाश ही तिन्ही खाती प्रत्यक्ष मोजता आली असा हा एकच स्फोट आहे. २३ फेब्रुवारी १९८७ ला तो मोठ्या मॅगेलानिक मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या एका लहान दीर्घिकेत, दिसला. अंतर सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षं. फुटलेला तारा सँड्युलिक −६९° २०२, सूर्याच्या १८ ते २० पट वस्तुमानाचा निळा महाराक्षसी.

आधी एककांची खबरदारी, कारण निम्मे घोटाळे तिथेच होतात. खगोलशास्त्रज्ञ अजून अर्गमध्ये लिहितात आणि १ ज्यूल म्हणजे १०^७ अर्ग. म्हणजे एका लेखात १०^५१ आणि दुसऱ्यात १०^४४ दिसलं तर ती एकच गोष्ट आहे. या १०^५१ अर्गला या क्षेत्रात ‘फो’ किंवा भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथे यांच्या नावाने ‘बेथे’ म्हणतात. दुसरी गोष्ट: ‘अतिनवताऱ्याची ऊर्जा १०^४४ ज्यूल’ असं लिहिलेलं असतं तेव्हा जवळजवळ नेहमी उडालेल्या द्रव्याची गतिज ऊर्जा अभिप्रेत असते, एकूण ऊर्जा नव्हे. एकूण ऊर्जा त्याच्या शंभरपटीहून जास्त असते. हा फरक न सांगता आकडे फेकणारे लेख बरेच आहेत.

आता मोजपट्टी ठरवू. सूर्य दर सेकंदाला ३.८३ × १०^२६ ज्यूल देतो. वर्षात सुमारे ३.१६ कोटी सेकंद असतात, म्हणून वर्षाची ऊर्जा १.२ × १०^३४ ज्यूल. आपल्या जुन्या संख्यामालिकेत शेवटची पायरी परार्ध, म्हणजे १०^१७. परार्ध गुणिले परार्ध म्हणजे १०^३४, म्हणजे जवळपास सूर्याची एका वर्षाची ऊर्जा. त्याला सूर्याच्या आयुष्याने, १० अब्ज वर्षांनी, गुणलं की १.२ × १०^४४ ज्यूल येतात. हा झाला एक ‘सूर्य-आयुष्य’. अतिनवताऱ्याच्या हिशेबाला हेच एकक सोयीचं. एक फो जवळपास एक सूर्य-आयुष्य होतं हा निव्वळ योगायोग आहे, त्यामागे काही कार्यकारण शोधू नका. पण लक्षात ठेवायला तो फार उपयोगी पडतो.

अणुबाँबशी तुलना करायचा मोह मात्र टाळा. आजवरचा सर्वांत मोठा बाँब, सोव्हिएत संघाने १९६१ मध्ये उडवलेला, सुमारे ५० मेगाटनांचा म्हणजे २ × १०^१७ ज्यूलचा होता. १०^४४ ला त्याने भागलं की ५ × १०^२६ बाँब. एका न समजणाऱ्या आकड्याच्या जागी दुसरा न समजणारा आकडा आला, एवढंच. शिवाय बाँबच्या तुलनेमुळे ताऱ्यातही काहीतरी ‘जळून’ स्फोट होतो अशी समजूत पक्की होते, आणि या प्रकारच्या अतिनवताऱ्यात ती मुळातच चूक आहे.

इथे इंधन पेटत नाही, गाभा कोसळतो. वजनदार ताऱ्याच्या मध्यभागी शेवटी लोखंडाचा गाभा तयार होतो. लोखंडाच्या पुढे संलयनातून ऊर्जा मिळत नाही, म्हणून आतून आधार देणारं काही उरत नाही. गाभ्याचं वस्तुमान सुमारे १.४ सूर्य झालं की तो स्वतःच्याच वजनाखाली ढासळतो. काही हजार किलोमीटर त्रिज्येचा गोळा सेकंदाच्या आत काही दहा किलोमीटरपर्यंत आवळला जातो आणि पुढे थंड होत १२ किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो. तोच न्यूट्रॉन तारा. एवढं द्रव्य एवढ्या खोल खड्ड्यात पडताना जी गुरुत्वीय ऊर्जा मोकळी होते, ती सगळ्या प्रकाराची मूळ रक्कम.

ती काढायचं सूत्र: तीन पंचमांश गुणिले गुरुत्वीय स्थिरांक गुणिले वस्तुमानाचा वर्ग, भागिले त्रिज्या. १.४ सूर्य म्हणजे २.७८ × १०^३० किलो. त्याचा वर्ग ७.७ × १०^६०. गुरुत्वीय स्थिरांक ६.६७ × १०^−११. गुणाकार ५.२ × १०^५०. त्रिज्या १.२ × १०^४ मीटर, भागल्यावर ४.३ × १०^४६. त्याचे तीन पंचमांश म्हणजे २.६ × १०^४६ ज्यूल. सुरुवातीच्या गाभ्याची गुरुत्वीय ऊर्जा वजा करायला हवी, असा आक्षेप कोणी घेईल. तो बरोबर आहे, पण त्याची त्रिज्या अडीचशेपट मोठी असल्याने ती रक्कम अर्ध्या टक्क्याहूनही कमी. सोडून दिली तरी चालते. तीन पंचमांश हा गुणक एकसारख्या घनतेच्या गोळ्याचा आणि न्यूटनच्या नियमांचा. सापेक्षतावाद धरून केलेल्या हिशेबात उत्तर दहा टक्क्यांच्या आसपास वाढतं. खरी अनिश्चितता त्रिज्येची आहे: १२ ऐवजी १४ किलोमीटर धरले तर उत्तर एक सप्तमांशाने घटतं. म्हणून ‘२ ते ३ × १०^४६’ असं म्हणणं प्रामाणिक.

म्हणजे एकूण रक्कम सुमारे २२० सूर्य-आयुष्यं. हीच ऊर्जा प्रकाशवेगाच्या वर्गाने भागली तर २.९ × १०^२९ किलो येतात, म्हणजे सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे १४.५ टक्के. न्यूट्रॉन तारा त्याच्या कच्च्या मालापेक्षा एवढा हलका भरतो. गाभ्याच्या १.४ सूर्यांपैकी जवळपास दहा टक्के वस्तुमानाची ऊर्जा झाली. हायड्रोजनचं हेलियम होताना हे प्रमाण फक्त ०.७ टक्के असतं, आणि सूर्य त्याच्या हायड्रोजनचा जेमतेम दहावा भाग वापरणार आहे. सूर्याच्या आयुष्यापेक्षा काही सेकंदांची ही घसरण भारी का पडते, याचं उत्तर या दोन वाक्यांत आहे.

पण ही ऊर्जा बाहेर कशी पडते? प्रकाशरूपाने ते शक्य नाही. कोसळलेल्या गाभ्याची घनता अणुकेंद्रकाएवढी असते. फोटॉन तिथून निघूच शकत नाहीत. न्यूट्रिनो एरवी अख्ख्या पृथ्वीतून आरपार जातात, पण इथे तेही अडकतात. धडका खात, झिरपत बाहेर पडायला त्यांना साधारण दहा सेकंद लागतात. मात्र निघतात ते जवळजवळ सगळी रक्कम घेऊनच. एकूण ऊर्जा १ लाख रुपये धरली, तर न्यूट्रिनो ९९,६०० रुपये नेतात, स्फोटात उडालेल्या द्रव्याच्या वाट्याला सुमारे ४०० येतात, आणि प्रकाश म्हणून दिसतात फक्त ४ रुपये. दुर्बिणीतून दिसणारा, अख्ख्या दीर्घिकेशी बरोबरी करणारा तो झगमगाट म्हणजे हे ४ रुपये.

हा हिशेब नुसता कागदावरचा नाही. २३ फेब्रुवारी १९८७ ला जागतिक वेळेनुसार सकाळी ७ वाजून ३५ मिनिटांनी, म्हणजे आपल्याकडे दुपारी १ वाजून ५ मिनिटांनी, जपानमधल्या खाणीतल्या कामिओकांदे-२ या पाण्याच्या टाकीने ११ न्यूट्रिनो पकडले. त्याच वेळी अमेरिकेतल्या ओहायोमधल्या मिठाच्या खाणीतल्या आयएमबी या यंत्राने ८ आणि कॉकेशसमधल्या बाक्सान या यंत्राने ५ नोंदवले. कामिओकांदेच्या घड्याळात मिनिटभराची अनिश्चितता होती, त्यामुळे नेमकी वेळ आयएमबीवरून घेतात. आयएमबीच्याही सुमारे पाव प्रकाशगुणक नळ्या (पाण्यातली क्षीण चमक टिपणाऱ्या) वीजपुरवठ्यातल्या बिघाडामुळे त्या दिवशी बंद होत्या. जुन्या शोधनिबंधांत दुरुस्तीचे गुणक दिसतात ते यामुळे.

अकरा हा आकडा आपल्या २.६ × १०^४६ ज्यूलशी जुळतो का, ते तपासू. सगळ्या प्रश्नातला हाच भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

एका न्यूट्रिनोची सरासरी ऊर्जा १५ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) म्हणजे २.४ × १०^−१२ ज्यूल धरा. एकूण न्यूट्रिनो झाले १.१ × १०^५८. अंतर १.५९ × १०^२१ मीटर. एवढ्या त्रिज्येच्या गोलाचं पृष्ठफळ ३.२ × १०^४३ चौरस मीटर. भागाकार केला की पृथ्वीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून ३.४ × १०^१०, म्हणजे ३,४०० कोटी न्यूट्रिनो गेले. सूर्याचे न्यूट्रिनो अर्ध्या सेकंदात साधारण एवढेच जातात. पण हा तारा सूर्यापेक्षा हजार कोटी पट दूर होता, आणि त्याचा प्रत्येक न्यूट्रिनो सूर्याच्या बहुतेक न्यूट्रिनोंच्या कितीतरी पट ऊर्जेचा होता.

न्यूट्रिनोंचे प्रकार सहा. पाण्यातल्या सुट्या प्रोटॉनवर आदळून पॉझिट्रॉन देणारा प्रकार त्यातला एक, इलेक्ट्रॉन-प्रतिन्यूट्रिनो. म्हणून सहाने भागा: दर चौरस सेंटिमीटरला ५.७ × १०^९. कामिओकांदेचं उपयोगी पाणी २,१४० टन, त्यातल्या हायड्रोजनचे प्रोटॉन १.४ × १०^३२. या ऊर्जेला प्रत्येक प्रोटॉनचं ‘लक्ष्यक्षेत्र’ सुमारे १.८ × १०^−४१ चौरस सेंटिमीटर. तिघांचा गुणाकार सुमारे १५. कमी ऊर्जेच्या काही धडका यंत्राला दिसत नाहीत, हे धरलं तर ११ नोंदी म्हणजे नेम अचूक लागला. गुरुत्वाकर्षणाचं साधं सूत्र आणि टाकीतल्या ११ चमका एकाच उत्तरावर येतात. त्या ११ चमका साडेबारा सेकंदांत पसरलेल्या होत्या; न्यूट्रिनो अडकून झिरपतात या कल्पनेला तो थेट पुरावा ठरला. मासातोशी कोशिबा यांना २००२ च्या नोबेलचा वाटा मिळाला तो वैश्विक न्यूट्रिनो पकडण्याच्या याच कामासाठी.

हे गणित करून पाहताना दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं. एक, अंतराचा वर्ग: अंतरात १० टक्के चूक असेल तर ऊर्जेत २१ टक्के येते. १९८७ए च्या बाबतीत अंतराची खातरी चांगली आहे, कारण ताऱ्याभोवतीचं वायूचं कडं स्फोटाच्या किरणांनी उजळायला किती दिवस लागले त्यावरून त्याचा खरा आकार कळला, आणि हबलच्या चित्रांतून त्याचा कोनीय आकार. दोन्हींचा भागाकार म्हणजे अंतर. दुसरी चूक चौरस मीटर आणि चौरस सेंटिमीटरची. लक्ष्यक्षेत्र नेहमी चौरस सेंटिमीटरमध्ये छापलेलं असतं, आणि १०,००० चा गुणक तिथे गुपचूप राहून जातो.

आता ४०० रुपयांचं खातं. उडालेलं द्रव्य सुमारे १४ सूर्य, सरासरी वेग सेकंदाला २,७०० किलोमीटर. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग: १०^४४ ज्यूल. नेमका एक फो. वेग वर्णपटातल्या रेषांच्या सरकण्यावरून मोजतात. बाहेरचे थर १०,००० हून जास्त किलोमीटर वेगाने सुटतात, आतले बरेच हळू. म्हणून सर्वांत मोठा वेग सूत्रात घालून सगळ्या वस्तुमानाने गुणलं की ऊर्जा दहापट-पंधरापट फुगते. बातम्यांत हे घडताना दिसतं.

हे खातं लहान असलं तरी सिद्धान्ताच्या दृष्टीने सर्वांत त्रासदायक तेच. गाभा आदळून मागे उसळतो तेव्हा आघात तरंग बाहेर निघतो, पण वाटेतल्या लोखंडाच्या केंद्रकांचे तुकडे करण्यात त्याची ऊर्जा संपते. फक्त ०.१ सूर्य एवढं लोखंड फोडायला १.७ × १०^४४ ज्यूल लागतात, म्हणजे दीड फोहून जास्त. तरंग शे-दोनशे किलोमीटरवर अडकून बसतो. बाहेर पडणाऱ्या न्यूट्रिनोंपैकी थोडे त्याच्यामागच्या वायूत शोषले जातात, तो तापून खदखदतो आणि तरंगाला पुन्हा ढकलतो, असं आजचं सर्वमान्य चित्र आहे. महासंगणकांवर त्रिमितीत हे करून पाहिलं तर बऱ्याच प्रतिकृती फुटतात. एकमितीय प्रतिकृती बहुतेक फुटत नाहीत, कारण खदखद व्हायला जागाच नसते. एकूण रकमेचा अर्धा टक्का इकडचा तिकडे झाला की तारा फुटायचा की मुकाट कृष्णविवर व्हायचा, हे ठरतं. म्हणून या क्षेत्रातले लोक एवढे बारीक हिशेब करत बसतात.

उरले ४ रुपये. प्रकाश एवढा कमी का? स्फोटाची उष्णता बाहेर पडण्याआधीच वायू फुगतो आणि फुगताना थंड होतो. तारा मुळात जितका लहान, तितकी ही गळती जास्त. १९८७ए चा तारा निळा होता, त्रिज्या सूर्याच्या ४०-५० पट. तांबड्या महाराक्षसी ताऱ्यांची कित्येक शेकड्यांत असते. त्यामुळे हा स्फोट सुरुवातीला अपेक्षेपेक्षा मंद राहिला आणि मे महिन्यात जाऊन सुमारे २.९ प्रतीचा झाला (प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी), तेव्हा तेज २५ कोटी सूर्यांच्या आसपास. ते तेज मुख्यतः किरणोत्सारी निकेलचं होतं. स्फोटात ०.०७ सूर्य एवढं निकेल-५६ तयार झालं, म्हणजे १.५ × १०^५४ अणू. निकेलचं कोबाल्ट (अर्धायुष्य ६ दिवस), कोबाल्टचं लोखंड (७७ दिवस). या साखळीत दर अणूमागे सुमारे ५.५ एमईव्ही उपयोगी ऊर्जा मिळते. गुणाकार १.३ × १०^४२ ज्यूल. पुढचे कित्येक महिने तारा दर १०० दिवसांना जवळपास एक प्रत मंद होत गेला, अगदी ७७ दिवसांच्या अर्धायुष्याने जसा व्हायला हवा तसा. निकेल किती होतं हेही याच उतारावरून काढतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा: जास्त तेजस्वी म्हणजे जास्त ऊर्जा, असं नाही. पहिल्या-अ प्रकारचे अतिनवतारे कमाल तेजाला चार-पाचशे कोटी सूर्यांएवढे असतात, १९८७ए च्या वीसपट. पण तिथे कोसळणं नाही. तिथे खरोखरच जळणं आहे. श्वेत बटूतल्या (इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या घट्ट गोळ्यातल्या) कार्बन-ऑक्सिजनचं एका दमात निकेल आणि सिलिकॉन होतं, सगळा तारा विस्कटतो, मागे न्यूट्रॉन तारा उरत नाही आणि न्यूट्रिनोंचं मोठं खातंही नाही. १.४ सूर्यांमध्ये १.७ × १०^५७ न्यूक्लिऑन (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन), प्रत्येकी जेमतेम ०.८ एमईव्ही: कमाल २ × १०^४४ ज्यूल. तारा उसवण्याचा खर्च वजा जाता उरतात सुमारे दीड फो. एकूण ऊर्जा १९८७ए च्या शंभराव्या भागाइतकी, पण निकेल आठ-नऊपट जास्त, म्हणून झगमगाट मोठा.

ऊर्जा आणि शक्ती यांतली गल्लतही नेहमीची. २.६ × १०^४६ ज्यूल दहा सेकंदांत म्हणजे सरासरी २.६ × १०^४५ वॉट. आपल्या आकाशगंगेचं तेज १०^३७ वॉटच्या घरात आहे, म्हणजे त्या दहा सेकंदांपुरता तो गाभा आकाशगंगेसारख्या पंचवीस कोटी दीर्घिकांच्या तोडीचा होता. ‘दृश्य विश्वातल्या सगळ्या ताऱ्यांपेक्षा जास्त’ असंही लिहिलेलं आढळतं. पहिल्या क्षणाची कमाल शक्ती धरली तरी ते ताणलेलंच वाटतं. तो मान कृष्णविवरांच्या मीलनाला द्यावा: १४ सप्टेंबर २०१५ च्या गुरुत्वीय लहरींत तीन सूर्यांचं वस्तुमान ऊर्जा होऊन गेलं आणि कमाल शक्ती ३.६ × १०^४९ वॉट होती. अशाच लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहते आहे. आपल्या आकाशगंगेत गाभा कोसळला तर त्याच्या गुरुत्वीय लहरीही अशा यंत्रांना मिळू शकतील, पण त्यांचा वाटा आपल्या लाखातल्या रुपयाहूनही कमी असण्याची शक्यता जास्त.

सराव म्हणून हेच गणित काक्षीवर, म्हणजे मृग नक्षत्रातल्या बीटलज्यूजवर करून पाहा. अंतर ५५० प्रकाशवर्षं धरलं तर ते १९८७ए च्या तीनशेव्या भागाइतकं, म्हणून न्यूट्रिनो ९० हजार पट. सुपर-कामिओकांदेचं ३२,००० टन पाणी म्हणजे जुन्या टाकीच्या पंधरापट. अकरांऐवजी एक ते दोन कोटी नोंदी, त्याही दहा सेकंदांत. नेहमीची नोंदयंत्रणा एवढ्या गर्दीत गुदमरेल, म्हणून जवळच्या स्फोटासाठी तिथे वेगळी नोंदव्यवस्था बसवलेली आहे. जगभरच्या न्यूट्रिनो यंत्रांना जोडणारं स्न्यूज हे इशाऱ्याचं जाळं त्या क्षणी दुर्बिणींना खबर देईल. १९८७ मध्ये न्यूट्रिनो आणि पहिला नोंदलेला प्रकाश यांत सुमारे तीन तासांचं अंतर होतं, कारण आघात तरंगाला पृष्ठभागापर्यंत यायला वेळ लागतो. काक्षी कितीतरी मोठा तांबडा तारा आहे. तिथे हे अंतर दिवसभराच्या घरात जाईल, आणि दुर्बिणी वळवायला तेवढा वेळ पुरेसा आहे.